भाच्याची स्प्लेंडर आणि हिरवा रंग : दुरुस्तीच्या नोंदी

रविवार, २९ जून २०२५. चिपळूण

सकाळी सातला ताईचा फोन. "तुझ्या भाच्याने गाडीचा मांडव करून ठेवलाय, येऊन बघ एकदा."

गाडी म्हणजे भावोजींची २०११ ची स्प्लेंडर प्लस. भावोजींनी ती चौदा वर्षं जपली आणि कॉलेज लागलं म्हणून मे महिन्यात पोराच्या हातात दिली. पोराने आणि त्याच्या दोस्ताने महिनाभरात तिला रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या लावल्या. टाकीखाली दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस सेंटिमीटर, इंजिनच्या बाजूंना तीस-तीस, शिवाय पुढच्या शॉकअपवर दहा-दहाचे दोन तुकडे. एकूण एक मीटर साठ. सोबत रिमोटवाला कंट्रोलर. सगळा माल बाजारातला, बिन-नावाचा.

भाच्याची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून ठेवतो, पुढे लागेल: "गाडी आयडलला आली की लाइट लुकलुकतात. रिमोट रेस दिल्यावरच चालतो. आणि कधी कधी रंग आपोआप बदलतो. लाल ठेवला की पिवळा होतो, बंद केला तर हिरवा लागतो. पांढऱ्यावर मात्र कधीच काही होत नाही, मामा."

मी सीट काढली आणि ऐकायचंच सोडून दिलं. नुसत्या पिळलेल्या वायरी, वर टेप, आणि टेपचा गोंद पावसाने वितळून काकवीसारखा झालेला. लोट्याला एमआयडीसीत बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेल्या माणसाला असं काही दिसलं की निदान तिथेच होतं. सगळे जोड लूज आहेत, झालं. तसं त्याला ऐकवलंही, जरा जास्तच.

पहिल्या दिवशी फ्यूज उडाला होता, तो का, हेही कळलं. दोस्ताने पट्टीची काळी वायर निगेटिव्ह समजून चासीला जोडली होती. या रंगीत पट्ट्यांमध्ये काळी बहुतेक वेळा प्लस असते. लाल, हिरवी, निळी या तीन त्या-त्या रंगाच्या परतीच्या वायरी. वर या गाडीत हिरवी वायर म्हणजे अर्थ, आणि काळी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा प्लस. घरातल्या वायरिंगच्या सवयीने हात घातला की फसलाच.

सोमवार, ३० जून

जोड सगळे उघडले, साफ करून सोल्डर केले, स्लीव्ह घातली. दोन तास. किक मारली. लुकलुक जशीच्या तशी.

मग कुठे मीटर काढला. कंट्रोलरचा सप्लाय त्यांनी मागच्या दिव्याच्या वायरवरून घेतलाय. डीसी रेंजवर आकडा काहीतरीच, धड धन नाही, धड ऋण नाही. रेंज एसीवर नेली तर आयडलला ९, रेस दिल्यावर १२. म्हणजे ही लाइन बॅटरीची नाहीच, सरळ मॅग्नेटोची, इंजिनबरोबर फिरून वीज बनवतो त्याची. या जुन्या स्प्लेंडरमध्ये हेडलाइट आणि मागचा दिवा एसीवर चालतात. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट तेवढे बॅटरीवर. म्हणून तर गाडी सिग्नलला थांबली की हेडलाइट पेंगतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. शाळेत असल्यापासून बघतोय. पण पिळलेल्या वायरी बघून डोकं तापलं आणि डोळ्यांसमोरची गोष्ट सुटली.

बल्बला करंट कुठल्याही दिशेने चालतो, एलईडीला एकाच. एसीवर ती अर्धा वेळ बंदच असते, आणि उलट्या दिशेचा मार खाते तो वेगळाच. कंट्रोलरमधल्या चिपची गत आणखी वाईट. व्होल्टेज पडलं की ती मरते, चढलं की नव्याने उठते. रिमोट फक्त रेसवर का चालतो याचं उत्तर हेच.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पट्टी ५०५० जातीची, मीटरला साठ दिवे. १२ व्होल्टला पांढऱ्या रंगावर मीटरमागे साधारण १.२ अँपिअर, म्हणजे १.६ मीटरला दोन अँपिअरच्या आसपास, २३ वॉट. या गाडीचा हेडलाइटचा बल्ब ३५ वॉटचा. भाऊसाहेब शोभेसाठी हेडलाइटच्या ताटातलं अर्धं जेवण उचलत होते, तेही जूनच्या पावसात परशुराम घाट उतरताना. हे मात्र मी शांतपणे सांगितलं. पोरगं गप्प झालं.

रविवार, ६ जुलै. आषाढी

ताईकडे साबुदाण्याची खिचडी, अंगणातल्या पत्र्याखाली गाडी.

सप्लाय बदलला. बॅटरीच्या प्लसवरून तीन अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून चार बोटांवरच. फ्यूज लांब बसवला तर मधली वायर उघडीच राहते, ती घासली तर काय वाचवणार? पुढे रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालणारा मोठ्या करंटचा स्विच. पिनांच्या नंबरांनी: ३० ला बॅटरी, ८७ ला पट्ट्या, ८६ ला चावीची काळी वायर, ८५ अर्थला. आता चावी बंद तर सगळं बंद. बॅटरी आहे १२ व्होल्ट २.५ एएचची (अँपिअर-तास), एवढीशी. गाडी बंद ठेवून पांढरा रंग चालू राहिला तर कागदावरसुद्धा सव्वा तास.

अर्थ त्यांनी सीटखालच्या एका स्क्रूला दिला होता, रंगावरूनच. पट्ट्या चालू ठेवून त्या स्क्रूची वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मीटर लावला: ०.६ व्होल्ट. हा सगळा फुकट जातोय. रंग खरवडला, डबल वॉशर टाकला, वर ग्रीस. आता ०.०४. जोड आहे की नाही यासाठी मीटरची नुसती बीप वाजते का एवढंच बघणाऱ्यांनी हे करून बघावं. बीप दोन्ही वेळा वाजली होती.

किक. लुकलुक गेली, रिमोट आयडलला चालला, हेडलाइट पूर्ववत. भाच्याने लगेच व्हिडिओ काढला.

एक नोंद पुढच्यासाठी: इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.३ व्होल्ट मिळतात. पट्टी १२ ची. तीन दिवे आणि एक रेझिस्टर अशी साखळी असते. निळ्या-हिरव्याला प्रत्येकी ३.२ धरले तर तिघांचे ९.६, रेझिस्टरच्या वाट्याला १२ मधले उरलेले २.४. व्होल्टेज १४.३ झालं की तोच वाटा ४.७, म्हणजे करंट कागदावर जवळपास दुप्पट. लालला प्रत्येकी दोनच लागतात, त्यामुळे त्याचा करंट दीडपटीच्या आतच राहतो. या पट्ट्यांमध्ये निळा-हिरवा आधी मान टाकतो, त्यात याचा हात असणार. आज यावर काही केलं नाही. खिचडी निवत होती.

शनिवार, १२ जुलै

भाचा दारात. "मामा, हिरवा."

चावी चालू, रिमोटने पट्ट्या बंद, आणि सगळी गाडी हिरवीगार. पुढचे तुकडे, टाकीखालचे, इंजिनचे, सगळे एकदम. सगळीकडे एकाच वेळी होतंय म्हणजे दोष जिथून सगळं वाटलं जातं तिथे, म्हणजे कंट्रोलरमध्ये. हिरव्याचा मॉस्फेट, म्हणजे तो रंग चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट. हे मी पाच मिनिटांत ठरवलं आणि बाजारातून नवा कंट्रोलर घेऊन आलो. अडीचशे रुपये.

नवा लावला. नीट चालला. अंगणातून गाडी रस्त्याला काढताना हँडल डावीकडे वळवलं, पुन्हा हिरवा.

रविवार, १३ जुलै

रात्री झोप लागेना तेव्हा २९ जूनचं पान काढलं. "लाल ठेवला की पिवळा होतो. बंद केला तर हिरवा लागतो. पांढऱ्यावर कधीच काही होत नाही."

पोराने पहिल्याच दिवशी दोष सांगून टाकला होता. लालमध्ये हिरवा मिसळला की पिवळा. बंदमध्ये हिरवा मिसळला की हिरवा. पांढऱ्यात हिरवा आधीच पेटलेला, तिथे काय दिसणार? म्हणजे कंट्रोलर न विचारताच हिरव्याला परतीची वाट मिळतेय.

आणि ती वाट कुठली, हे पट्टीच्या जोडणीतच आहे. प्लस सगळ्या रंगांना सामायिक आणि कायम हजर. कंट्रोलर उघडझाप करतो ती मायनसच्या बाजूची. मग हिरवी वायर कुठेही चासीला टेकली की हिरवा पेटणार, कंट्रोलर नवा असो वा जुना. सगळ्या तुकड्यांच्या हिरव्या वायरी एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे एका जागी टेकली की सगळी गाडी हिरवी. काल ज्यावरून कंट्रोलरला दोषी धरलं तो पुरावा मुळात पुरावाच नव्हता.

सकाळी खात्री केली. कंट्रोलरचा चार पिनांचा कपलर काढला, पट्टीच्या काळ्या पिनेला एका वायरने सरळ प्लस दिला, बाकी तीन पिना मोकळ्या. काहीच पेटता कामा नये. पेटलं नाही. हँडल उजवीकडे, नाही. डावीकडे शेवटपर्यंत, हिरवा. मग प्लस काढून मीटर बीपवर, हिरवी पिन ते चासी: हँडल सरळ असताना गप्प, डावीकडे नेलं की बीप.

हेडलाइटचा डूम उघडला. पुढच्या तुकड्यांची वायर मूळ वायरिंगच्या जोडीने हँडलच्या टीखालून (हँडल चासीला बसतं त्या जागेखालून) आणलेली, आणि एका केबल टायने गच्च आवळलेली. ढील शून्य. हँडल डावीकडे गेलं की वायर ताणून चासीच्या मानेवर घासणार. टायखाली इन्शुलेशन नखाएवढं फाटलेलं, आतलं तांबं चकचकीत. जुना तुटका जोड असता तर ते काळवंडलेलं असतं. चकाकतंय म्हणजे रोज घासलं जातंय.

तेवढा तुकडा बदलला, दोन्ही बाजूंना हँडल शेवटपर्यंत नेऊन ढील ठेवली, वर स्पायरल गुंडाळली. हँडल पन्नासदा तरी इकडून तिकडे केलं. लाल तो लालच.

काल घेतलेला कंट्रोलर परत घेणार नाहीत. डब्यात टाकला.

जाता जाता पट्ट्यांची कापलेली टोकं सीलबंद केली. पट्टीवरचं सिलिकॉन वरून ठीक असतं, पण जिथे कापतो तिथे तांबं उघडं पडतं, आणि पाणी नळीतून शिरावं तसं तिथून आत शिरतं. घरात बाथरूमच्या बेसिनला लावलेली सिलिकॉनची ट्यूब होती, तीच वापरली. आठही टोकांना भरपूर.

गुरुवार, २४ जुलै. दिव्यांची अवस

घरात समया-निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडलेली, कणकेचे दिवे उकडलेले, आणि ताईकडून निरोप की गाडीचे दिवे गेले.

गेले दहा-अकरा दिवस चिपळूणला पाऊस कसा झालाय ते सांगायची गरज नाही. टाकीखालची उजवी पट्टी अर्ध्यावर मेलेली; मेलेला भाग बरोबर तीन-तीन दिव्यांच्या हिशेबाने. इंजिनच्या डाव्या पट्टीत लाल नाही. बाकी लुकलुक.

एक टोक कापून उघडलं. सिलिकॉनखालचे तांब्याचे पॅड हिरवे. सोल्डरखाली सुईने टोचलं तर पॅड पापुद्र्यासारखा उचकटला. प्लसचा पॅड सगळ्यात जास्त खाल्लेला. ओलावा आणि डीसी एकत्र आले की प्लसच्या बाजूचं तांबंच आधी विरघळतं. पण एवढं, इतक्या लवकर?

ट्यूब पुन्हा काढून वास घेतला. आंबट, व्हिनेगरचा. तिथेच डोक्यावर हात मारला.

हे साधं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं. काचेला, टाइल्सला काही होत नाही. तांब्याच्या उघड्या पॅडवर भरपूर थापून वरून स्लीव्ह चढवली तर आम्ल जाणार कुठे? मी आठ टोकांवर आठ लोणच्याच्या बरण्या बंद करून ठेवल्या होत्या. कारखान्यात पॅनेलमध्ये आम्ही न्यूट्रल सिलिकॉनच वापरतो, ट्यूब स्टोअरमधून येते, आपण हात घालतो. का न्यूट्रल, हे मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही.

भाच्याच्या पिळलेल्या जोडांनी जून काढला होता. माझं सील अकरा दिवस टिकलं. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

शनिवार, २६ जुलै

सांगितलं. हसला नाही. "मग आता?" म्हणाला. तो हसला असता तर बरं झालं असतं.

रविवार, ३ ऑगस्ट

जुनं सगळं काढलं. नवं काय लावायचं यावर सकाळभर वाद.

त्याला रंग हवेत. ताईचं म्हणणं, रात्री गाडी दारात आली की ॲम्ब्युलन्स आल्यासारखं वाटतं. मी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०८ वा नियम काढून दाखवला: काही अपवाद सोडले तर गाडीच्या पुढे लाल आणि मागे लालखेरीज दुसरा दिवा दिसता कामा नये. शॉकअपवर लाल पट्टी लावणं याच्यात सरळ सापडतं. शेवटी ठरलं ते असं: पुढचे तुकडे रद्द, रंग रद्द, टाकीखाली दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीसची पिवळसर पांढरी पट्टी, तोंड खाली, उजेड फक्त इंजिनच्या पात्यांवर. दिवे दिसणार नाहीत, उजेड दिसेल. त्याला ते पटलं की तो दमला, माहीत नाही. १३ तारखेला हँडलपाशी एवढ्या निगुतीने ओढलेली वायर अख्खी काढून टाकली.

पट्टी २८३५ जातीची, मीटरला ४.८ वॉट. ऐंशी सेंटिमीटर म्हणजे चार वॉटसुद्धा नाहीत. इंडिकेटरचा एक बल्ब दहाचा असतो. एवढ्याशा करंटला रिले कशाला? रिलेची कॉइलच दीडशे मिलिअँपिअर खाते. काढला. चावीच्या काळ्या वायरवरून एक अँपिअरचा फ्यूज, एक छोटा स्विच आणि पट्टी. काळ्याला काळी न जोडता लाल जोडली याचं भाच्याला आश्चर्य. ही एकरंगी आहे बाबा, हिच्यात लालच प्लस.

१४.३ व्होल्टचं उत्तर: प्लसच्या वाटेत १एन५४०८ चे दोन डायोड एकामागे एक. प्रत्येकी साधारण ०.७ पडतात. पट्टीवर आता १२.९ मिळतात, करंट ०.३८ अँपिअर. बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारं सर्किट) लावता आला असता, पण १२ चे १२ काढायला त्याला वर मोकळी जागा लागते, ती इथे नाही. डायोडला ना सेटिंग, ना बिघडायला काही. दोन्ही मिळून पंधरा रुपये.

जोड: पॅडवर वायर सोल्डर करून लगेच वायरीला एक वळसा देऊन पट्टीलाच टायने धरली, म्हणजे इंजिनची थरथर सोल्डरवर येत नाही. त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, गोंद दोन्ही तोंडांनी बाहेर येईपर्यंत गरम करून. टोकांना न्यूट्रल सिलिकॉन. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणाऱ्याकडे मिळालं, दुकानातच झाकण उघडून हुंगलं. दुकानदार बघत राहिला. प्रत्येक वायर जोडाकडे जाण्याआधी खाली पोट सोडून वर नेली, पाणी त्या पोटाशीच ठिबकून जावं म्हणून. पागोळी वळणाऱ्या कौलांच्या गावात हे शिकवावं लागू नये.

चिकटवायची जागा आधी पेट्रोलने, मग थिनरने पुसली. मागची डबल टेप इंजिनच्या उष्णतेत सुटणारच, तेव्हा दर दहा सेंटिमीटरवर टाय, पण हाताने सरकेल इतपतच.

(आमच्या इथला एक जण म्हणाला, मेगर (इन्शुलेशन तपासायचा मीटर) लावून बघ. ५०० व्होल्ट टाकून एलईडीची पट्टी तपासायची म्हणजे कान टोचायला पहार आणायची.)

गाडीवर चढवण्याआधी दोन्ही पट्ट्या जुन्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालू ठेवून रात्रभर पागोळीखाली टांगल्या. सकाळी पेटलेल्या होत्या.

रविवार, १७ ऑगस्ट

दोन आठवडे झाले. काल दहीहंडीच्या धबडग्यात गाडी दिवसभर पावसात उभी होती, रात्री भाच्यासोबत बहादूरशेख नाक्यापासून परशुराम घाटापर्यंत जाऊन आलो. उजेड स्थिर. हेडलाइटवर परिणाम नाही. टोकं बघितली, तांबं तांब्यासारखंच.

एक गोष्ट उरली आहे. आयडलला हॉर्न दाबला की पट्ट्या किंचित मंद होतात. बॅटरी इवलीशी, हॉर्न ओढतो, व्होल्टेज क्षणभर बसतं. इलाज मोठी बॅटरी, किंवा हॉर्न न वाजवणं. दोन्ही होणार नाही. तसंच ठेवलंय.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या गणपती. मखराला पट्टी हवी म्हणून ताईने उरलेले तुकडे मागितले. रंगीत पट्टीचा एक मीटरभर चांगला भाग निघाला, आणि डब्यातला अडीचशेचा कंट्रोलर शेवटी कामी आला. मखर घरात, चासी नाही, पाऊस नाही.

भाचा ही वही घेऊन गेला होता, दोस्ताच्या गाडीसाठी वायरींचे रंग उतरवून घ्यायला. परत आली तेव्हा २९ जूनच्या पानावर, पांढऱ्याच्या वाक्याखाली, त्याच्या पेनने दोन रेघा मारलेल्या होत्या.